गळाच्या दोरीत काचमणी

यंदाही पोळ्याच्या आधीच तलाव गढूळला.

मी एसटीत वाहक आहे. दिग्रस-पुसद फेरीवर असले की गाडी आमच्या तांड्याच्या फाट्यावरून जाते आणि पुढच्या वळणावर, प्रवाशाने पिशवी पायाशी नीट लावावी तेवढाच वेळ, पाझर तलाव दिसतो. उन्हाळ्यात तिथं भेगा पडलेला तळ असतो आणि मधोमध म्हशी लोळण्यापुरतं डबकं. श्रावण संपता संपता वरच्या वावरांतली काळी माती ओढ्यातून उतरते आणि भरलेल्या तलावाला चहात दूध जरा कमी पडल्यासारखा रंग येतो. परवा तो रंग दिसला आणि मशीनवरचं माझं बोट थांबलं. एका बाईंना पुसदच्या ऐवजी अलीकडच्या फाट्याचंच तिकीट निघालं. "ध्यान कुठी हाय वो मॅडम?" असं त्यांनी चारचौघांत विचारलं. रागवावं असा माझा स्वभाव, पण मी हसले. ध्यान मागच्या वर्षीच्या भादव्यात गेलं होतं.

लोकांना नितळ पाणी आवडतं. फोटो काढायला येणारे दिवाळीनंतर येतात, पाणी निवळलं की. मला मात्र हेच दिवस आवडतात. कपाशी कमरेला लागलेली असते, तिच्यात पिवळी फुलं आणि कालची कोमेजून गुलाबी झालेली फुलं एकाच झाडावर दिसतात. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तरोटा माजलेला असतो. तलावाच्या काठाने बेशरमाची झुडपं पाण्यात पाय सोडून उभी असतात. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी जांभळट फुलांनी लगडलेली, म्हणून तर हे नाव. तांड्यातल्या पोरींनी तीजेच्या सणाचे गव्हाचे अंकुर याच पाण्यात सोडलेले असतात आणि त्यांच्या टोपल्यांतली माती काठाला बरेच दिवस दिसते. ओल्या मातीचा, शेवाळाचा आणि शेळ्यांचा मिळून एक वास येतो. तो मला अत्तरासारखा वाटतो असं मी म्हटलं की माझ्या सोबतचे ड्रायव्हर नाक धरतात. धरोत बापडे.

माझ्या वडिलांना आम्ही बा म्हणतो आणि आईला याडी. घरी आम्ही गोरबोलीच, बंजाऱ्यांची बोली, बोलतो. इथं सगळ्यांना कळावं म्हणून घरचं बोलणं मी वऱ्हाडीत लिहिते आहे. तीही आमचीच आहे, बाजारातली आणि धुऱ्यावरची. बा शेतकरी माणूस. कपाशी, तूर, सोयाबीन सगळं केलं, पण त्याचा जीव कशात असेल तर गळ टाकून मासोळी धरण्यात. वखर सोडला की बांबूची काठी आणि डब्यातली गांडुळं घेऊन तो तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, जायचा. त्याला किती मिळतं यापेक्षा तो तिथं कसा बसतो हे बघण्यासारखं होतं. घरात दर घटकेला बिडी शोधणारा माणूस तिथं दगडासारखा निश्चल बसून राही. मासोळी लागली की मात्र मनगट असं वळायचं की बघणाऱ्याला कळायच्या आत ती गवतावर उडत असे.

त्याच्या डोळ्यांत काचबिंदू होता आणि आम्हाला कळला तेव्हा उशीर झाला होता. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी गोड बोलून पण स्पष्ट सांगितलं की गेली तेवढी नजर परत येणार नाही, थेंब नियमित घातले तर उरलेली टिकेल. उरलेली म्हणजे उजेड कळायचा, समोर कुणीतरी उभं आहे हे कळायचं, कोण ते कळायचं नाही. तांड्यात सगळ्यांना वाईट वाटलं. आणि गंमत अशी की डोळे गेलेल्या माणसाशी लोक ओरडून बोलायला लागले. शेजारचा परसराम काका तर बाच्या कानाशी येऊन, "कसं हाय?" असं गर्जायचा. बा म्हणायचा, "कानानं बराच हाय अजून."

गर्जणं चालेल, पण त्याला कुणी काही करू देईना. याडी हात धरून अंगणात आणायची, हात धरून आत न्यायची. मीही सुटीच्या दिवशी तांड्यावर आले की तेच करायचे. मागच्या पोळ्याला तोरणाखाली आमची बैलजोडी काकाच्या हातात होती आणि बा बाजेवर बसून डफड्याचा आवाज ऐकत होता. त्या संध्याकाळी बैलांना नैवेद्य दाखवून झाला आणि तो एकदम बोलला.

"दसऱ्यापावतर पाह्यतो. कोणाचा हात न लागता, माह्याच हातानं एक तरी मासोळी काढीन. नाही जमलं तर गळ-दोरी देऊन टाकजो कोणाले बी. मंग मले कुठी नेऊ नका, काही इचारू नका. मी बाजेवरच बरा."

"सणासुदीचं असं काहून बोलता?" याडी म्हणाली.

"बोलतो कायचं? सांगून राह्यलो."

बा उगीच बोलणारा माणूस नाही. बिडी सोडतो म्हणाला तेव्हा त्याने त्याच दिवशी सोडली होती. मला भीती वाटली ती त्यामुळेच. मासोळी नाही मिळाली तर आम्हाला काय, बाजारात मिळते. पण हा माणूस खरोखरच बाजेवर बसेल आणि पुन्हा उठणार नाही, हे मला त्या दिवशी स्वच्छ दिसलं. मी घाबरले की मला राग येतो. त्या रागातच मी म्हटलं, "बघू ना दसऱ्यापर्यंत, एवढं काय!"

पहिली अडचण गांडुळाची होती. वळवळतं गांडूळ गळाला लावताना टोक त्याच्या बोटात जायचं. याडीने गांडूळ लावून देऊ म्हटलं तर त्याला ते चालेना, कुणाचा हात लागायचा नाही ही त्याचीच अट. मग स्टँडवरच्या विश्रांतीच्या खोलीत बसून मी मोबाईलवर बाहेरदेशी लोक मासे कसे धरतात ते बघत बसले. तिथं एक लाल टोपीवाला गडी रबराच्या गांडुळाने हातभर मासा काढत होता. माझ्यासोबतच्या बाई म्हणाल्या, तुझं काहीतरीच. मी मागवलं, सोबत रीळ असलेला एक रॉडही. पाकीट आलं ते घेऊन सुटीच्या दिवशी तांड्यावर गेले. आतली गांडुळं जांभळी, बोटाला बुळबुळीत, शेपूट जरा हलवलं की लवलवणारं. आणि वास चक्क बडीशेपेचा.

बाने नाकाशी धरलं. "बडीशेप? मासोळीचं जेवण झालं काय?"

"खोटं आहे, पण तिला खरं वाटतं."

"मासोळी काय येडी हाय?"

पण त्याची बोटं त्या रबराला सोडेनात. मी त्याला ओवायची रीत सांगितली. गळ डोक्यातून घालून जरा खाली काढायचा आणि टोक पुन्हा रबराच्या पोटातच लपवून ठेवायचं. म्हणजे बोटाला टोचत नाही आणि बेशरमाच्या फांदीतही अडकत नाही. मासोळीने तोंडात दाबलं की टोक बाहेर येतं. बाने दोन-तीनदा चाचपून पाहिलं आणि मग मान दुसरीकडे वळवून, जणू बघायची गरजच नाही अशा ऐटीत, बरोब्बर ओवून दाखवलं. मी टाळ्या वाजवायचीच बाकी राहिले.

दुसरी अडचण पाण्याची. गढूळ पाण्यात मासोळीला जांभळं काय नि पिवळं काय, दिसणार कसं? त्याचं उत्तर त्याच लाल टोपीवाल्याने दिलं होतं. दोरीत शिशाची गोळी असते, ती आणि गळ यांच्यामध्ये एक मणी ओवायचा. रॉड हलकेच झटकला की गोळी मण्यावर आपटते आणि पाण्यात टिक असा आवाज होतो. मासोळीला वाटतं कुणीतरी खेकडा-झिंगा दगडातून चाललाय, ती आवाजाकडे येते. मी हे सांगितलं तेव्हा बाने हातातलं रबर खाली ठेवलं.

"म्हंजे तिलेबी दिसत नाही?"

"नाही."

"अन् मलेबी नाही."

"हं."

"मंग बराबरीचं हाय की," तो म्हणाला आणि हसला. डॉक्टरीणबाईंकडून आल्यापासून तो हसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मला रडू आलं आणि ते त्याला दिसलं नाही याचं, खरं सांगते, बरं वाटलं.

मणी म्हटल्यावर याडी चुलीपुढून उठून आली. मणी हा तिचा प्रांत. तिच्या हातचा फेटिया, म्हणजे घागरा, आणि कांचळी, म्हणजे चोळी, बघायला बाहेरगावच्या बाया येतात. आरसे, कवड्या, मणी, घुंगरू यांच्यात कापड शोधावं लागतं. आम्ही गोर लोक असेच. कधीकाळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायचो तेव्हापासून बाईच्या अंगावर आणि बैलाच्या गळ्यात काही वाजलं नाही तर आम्हाला करमत नाही. मी म्हटलं, याडी, एक मणी दे. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी तिचा अपमान केला.

"एकच? असा बोडका गळ पाण्यात टाकान तुमी?"

"एकच लागतो."

"लोक काय म्हणतीन?"

"पाण्यात कोणते लोक आहेत याडी?"

तिने ऐकलं नाही. दुपारभर बसून तिने जे केलं ते मी अजून ठेवलं आहे, कारण इतका देखणा गळ जगात दुसरा नसेल. लाल-पांढऱ्या मण्यांची तीन पदरी माळ, मध्ये एक कवडी, खाली पाच घुंगरू आणि रबराच्या गांडुळाच्या गळ्याशी, देवाशप्पथ, एक इवलासा आरसा. मी हात जोडले. बाने हातात घेऊन हलवून पाहिलं, घरभर छुमछुम झाली. "नवरी हाय ही," तो म्हणाला. "मासोळी पळून जाईन, नाहीतर वरात घेऊन येईन."

तरी दुसऱ्या दिवशी आम्ही तो पाण्यात टाकलाच, याडीचं मन मोडवेना. घुंगरांत गाळ गेला, आतले खडे फसले आणि ते पाण्यात गेल्या गेल्या मुके झाले. माळ बेशरमाच्या फांदीला अशी गुंडाळली की मला कमरेइतक्या पाण्यात उतरून ती सोडवून आणावी लागली. वर आले तर याडी पाळीवर उभी. तिने माळ माझ्या हातातून घेतली आणि दाताने दोरा तोडून एक काचमणी सुटा केला.

"घे," ती म्हणाली. "बोडका तं बोडका."

मग खरं काम सुरू झालं. नुसत्या शिशाच्या गोळीने काचमण्यावर ठोका दिला तर आवाज दबका येतो, शिसं मऊ असतं. गोळी आणि काच यांच्यामध्ये पितळेचं काहीतरी हवं होतं. पोळा नुकताच झाला होता आणि दिग्रसच्या बाजारात बैलांच्या साजाची दुकानं अजून आवरली नव्हती. झुली, गोंडे, घुंगरमाळा दोऱ्यांवर लटकत होत्या. मी दुकानदाराला म्हटलं, पितळी मणी दाखवा, एकेक वाजवून घेईन.

"बैल कोणत्या रंगाचा हाय ताई?"

"बैल नाही, मासोळी आहे."

त्याने माझा युनिफॉर्म पाहिला, बिल्ला पाहिला आणि काही न विचारता सगळे मणी पुढ्यात ओतले. एसटीच्या युनिफॉर्मचा असाही उपयोग होतो. मी एकेक मणी काचेच्या मण्यावर ठोकून कानाशी धरत होते आणि मागे उभी असलेली गिऱ्हाईकं मला वाट मोकळी करून देत होती.

परीक्षा घरी झाली. अंगणात पाण्याची मोठी प्लास्टिकची टाकी आहे. याडी वरून दोरी आत सोडायची आणि झटके द्यायची, बा टाकीला कान लावून बसायचा. शिसं आणि काच. शिसं आणि लाखेचा मणी. पितळ आणि प्लास्टिकचा मणी. "हा मुका." "हा बोबडा." "हा खोकलून राह्यला." बा एकेकाची पारख सांगायचा आणि याडी नाक मुरडायची. भर दुपारी बा टाकीला मिठी मारून बसलाय हे बघून परसराम काका धावत आला आणि त्याच्या दुसऱ्या कानात गर्जला, "काय होऊन राह्यलं?"

"चूप राह्य रे," बा म्हणाला. "मणी बोलून राह्यला."

शेवटी ठरलं. शिशाची गोळी, मग पितळी मणी, मग याडीने सुटा केलेला काचमणी, मग गाठ आणि गळ. टिक. टाकीच्या भिंतीतून तो आवाज मलाही आला. नखाने बांगडी वाजवावी तसा, स्वच्छ आणि बारीक. याडीने पदर खोचला आणि विचारलं, "कोणाचा मणी हाय तो?" आम्ही दोघांनी एकदम म्हटलं, तुझाच.

आम्ही हे सगळं मासोळीसाठी करत होतो हे लक्षात घ्या. तलावावर गेलो तेव्हाही माझं लक्ष पाण्याकडे होतं, मासोळी येते का त्याच्याकडे. बाला मी पाळीच्या उतारावर रचलेल्या दगडी पिचिंगवर एका सपाट दगडावर बसवलं होतं. दगडाच्या कडेला गुडघा टेकला की तोंड मोकळ्या पाण्याकडे होतं, बेशरम डाव्या हाताला राहतो. त्याने रॉड मागे नेला आणि सोडला. जुनं मनगट होतं, दोरी सरळ गेली. मग तो हळूहळू ओढू लागला, आणि ओढता ओढता थांबला.

"छोरी," तो म्हणाला, "मले आयकू येऊन राह्यलं."

"काय?"

"मणी. कानानं नाही. हातानं. टिक, टिक. दोरीतून येते वर. गळ कुठी हाय, चालून राह्यला का थांबला, समदं कळून राह्यलं मले."

मी रॉड हातात घेऊन पाहिला. खरंच होतं. फार अंधुक, पण होतं. आमची दोरी साध्या नायलॉनच्या तंगूसाची होती, ती ताणते आणि आवाज खाते. पुढच्या सुटीला मी न ताणणारी विणलेली दोरी आणली आणि मग तर तो ठोका रॉडच्या मुठीत असा यायला लागला की जणू कुणी पलीकडून दार वाजवतंय. जे मासोळीला बोलवायला केलं ते बाच्या हातात येऊन पोचलं होतं. त्या लाल टोपीवाल्याला दोन चांगले डोळे आहेत. त्याला हे कधी कळलं नसेल.

मी या नोकरीत लागले तेव्हा गाडीत घंटीची दोरी होती. मी मागे, ड्रायव्हर पुढे, मध्ये उभ्या माणसांची भिंत. मी कधी त्याचं तोंड बघायचे नाही, तो माझं बघायचा नाही. दोरी ओढली, एक ठोका, गाडी थांबली. दोन ठोके, निघाली. त्या दोरीवर माझा सगळा दिवस चालायचा आणि त्यात काही नवल आहे असं मला वाटलं नव्हतं. बाला हे सांगितलं तर त्याने मला त्याच्याही मागचं सांगितलं. तांडा बैल लादून रानातून चालायचा तेव्हा पुढच्या माणसाला मागचं टोक दिसत नसे. शेवटच्या बैलाच्या गळ्यात घंटी बांधलेली असे. ती ऐकू येते तोवर तांडा अखंड आहे, ती बंद झाली की पुढच्याने थांबायचं आणि मागे जाऊन बघायचं. "चूप झालं की समजाचं, काहीतरी झालं," बा म्हणाला. हे सांगताना त्याची मान ताठ झाली होती. मीही सावरून बसले. आपण कुणाची माणसं आहोत हे कधीकधी असं पाळीवर बसून कळतं.

आणि गळाचंही तेच होतं. ओढताना टिकटिक चालू असते. मासोळीने तोंडात घेतलं की ती थांबते. थांबली की मनगट वळवायचं. ऐकायला सोपं आहे. पण गळ बेशरमाच्या मुळीत अडकला तरी टिकटिक थांबते. भाद्रपद त्यातच गेला. बा चूप झालं की झटका मारायचा आणि फांदी यायची, शेवाळाचा गोळा यायचा, एकदा तर कुणाची तरी चप्पल आली. पाळीवर शेळ्या चारणारी माणसं हसायची. मी एकदोघांना असं सुनावलं की ते आपल्या शेळ्या घेऊन तलावाच्या पलीकडे गेले. गणपती आले, गेले. बा घरी यायचा आणि जेवताना त्याची बोटं ताटाच्या कडेवर ठोके देत राहायची.

एके दिवशी तो म्हणाला, "बेशरमाचा चूप अन् मासोळीचा चूप येगळा हाय."

"कसा?"

"बेशरमाचा मेलेला राह्यते. मासोळीचा जिता. आत काहीतरी इचार करून राह्यलं असं वाटते."

घट बसले. याडीने बजावून सांगितलं की नवरात्रात घरात मासोळी शिजणार नाही. बा म्हणाला, शिजवाले कोण सांगते? धरण्याची कुठे बंदी आहे यावर दोघांचं थोडं वाजलं. मी नवरात्रात मुद्दाम सुटी मागून घेतली होती. कापूस फुटायला लागला होता, झेंडू अंगणाअंगणात पिवळा झाला होता आणि मी रोज सकाळी बोटांवर दिवस मोजायचे. दसरा जवळ आला होता आणि आमच्या हाती एक चप्पल होती.

ती सकाळ ढगाळ होती. वारा नव्हता. बा दगडावर गुडघा टेकून बसला आणि टाकत राहिला. मी त्याच्या मागे चार हातांवर बसले होते. कितव्यांदा तरी दोरी गेली, टिकटिक सुरू झाली असावी, कारण त्याचा अंगठा मुठीवर तालात हलत होता. मग अंगठा थांबला. मला वाटलं, बेशरम. त्याने झटका दिला नाही. मान जरा तिरकी केली, टाकीला कान लावायचा तशी. मी श्वास धरला. आणि मनगट वळलं, तेच जुनं वळण.

रॉड वाकला आणि पाण्यात गढूळ उसळी आली. मरळ होती. ती वर उडाली तेव्हा तिच्या पट्टेदार काळ्या अंगाचा पिळा मला दिसला आणि मी ओरडत धावले. दोरी बेशरमाकडे चालली होती, मी रॉड धरायला हात पुढे केला.

"हात नको लावू!"

असा आवाज मी त्याच्या तोंडून लहानपणानंतर ऐकला नव्हता. मी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत धरून ठेवले. तो उठला. उभा राहून, पाय चाचपत, एकेक पाऊल मागे पाळीवर चढत गेला. रीळ फिरवायच्या भानगडीत न पडता त्याने मासोळी अशी मागे चालत चालतच बाहेर ओढली. दगडावरून घसरली, गवतावर आली, फडफडायला लागली. त्या फडफडीच्या आवाजावर तो गुडघ्यांवर पडला, दोन्ही तळव्यांनी तिला दाबलं आणि बोटांनी चाचपत कल्ल्याशी पोचला. मी तिथंच उभी होते, रडत होते आणि हसत होते.

"केवढी—" मी बोलायला लागले.

"सांगू नको."

त्याने वीत टाकली. डोक्यापासून एक वीत, मग दुसरी, मग शेपटीपर्यंत चार बोटं. मग पुन्हा एकदा, उलट बाजूने. मग तो बराच वेळ नुसता तिच्यावर हात ठेवून बसला. त्याच्या मिशीला चिखल लागला होता. मला वाटलं आता पिशवीत टाकायला सांगेल. पण त्याने गळ काढला, ती दोन्ही हातांत उचलली आणि घसरत घसरत पाण्यापर्यंत नेली.

"नवरात्र हाय," तो तिला म्हणाला. "दसऱ्याच्या बादमंधी येजो." आणि सोडून दिली.

माझा जीव खालीवर झाला. तांड्यात दाखवायला काय होतं आमच्याकडे? फोटो काढायचंही मला सुचलं नव्हतं. घरी जाताना वाटेत परसराम काका भेटला. मी त्याला मासोळी धरली म्हणून सांगितलं, त्याने रिकामी पिशवी पाहिली आणि बाच्या कानात न गर्जता, हळूच, समजूत घातल्यासारखं "हो, हो" म्हणाला. तो हो-हो मला त्याच्या गर्जण्यापेक्षा झोंबला. बाला मात्र काहीच झोंबलं नाही. तो माझ्या पुढे चालत होता.

याडी दारात होती. तिने पिशवी पाहिली नाही, विचारलं नाही. तिने बाचा उजवा हात धरला, नाकाशी नेला आणि वास घेतला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग पदराने त्याच्या मिशीचा चिखल पुसला.

"आंघोळ करा आधी. घरात घट हाय."

बा आंघोळीला गेला तो गाणं गुणगुणत. कुणी पाणी काढून दिलं नाही, कुणी हात धरला नाही. दसऱ्याला आपट्याची पानं वाटायला तो काठी घेऊन तांडाभर फिरला, आणि ज्याने ज्याने विचारलं त्याला त्याने वितीने हवेत मरळ दाखवली. माझ्या गाडीतल्या प्रवाशांनीही त्या आठवड्यात ती ऐकली. मागितलेलं नसताना ऐकली. माझ्या बापाने, माझ्या आईच्या मण्याने, मी शोधलेल्या दोरीने धरलेली मासोळी. मी अशी मिरवत होते की तिकीट तपासायला चढलेल्या साहेबांनाही थांबून सगळं ऐकून घ्यावं लागलं. मला त्याची लाज वाटत नाही. आयुष्यात फुशारकी मारण्याजोगं इतकं कमी घडतं की घडेल तेव्हा मारून घ्यावी.

हे सगळं परवा त्या वळणावर आठवलं आणि सुटीच्या दिवशी मी तांड्यावर गेले. याडीने नवे काचमणी निवडून ठेवले होते, यंदा हिरवे. बा अंगणात रॉड पुसत बसला होता. मी पिशवी घेतली, पाण्याची बाटली भरली, डोक्याला रुमाल बांधला आणि म्हटलं, चला.

"तू कायले?" बा म्हणाला.

"म्हणजे?"

"तू बोलत राह्यतं. चूप बसली तरी हालत राह्यतं. तू मांगं असली की मले मणी आयकू येत नाही."

मी याडीकडे पाहिलं. ती मणी ओवत होती, मान वर न करता म्हणाली, "बराबर बोलून राह्यले."

बाने काठी घेतली, रॉड खांद्यावर टाकला. फाटकाशी जरा थांबून त्याने हवेकडे तोंड केलं, वारा कुठून आहे ते पाहिलं असावं, आणि पाळीच्या वाटेला लागला. वाटेत काकाची शेळी आडवी आली, तिला काठीने बाजूला केलं. मी फाटक धरून उभी होते. बोलावंसं खूप वाटत होतं, सांभाळून जा म्हणावं, दगड ओले असतील म्हणावं. मी काही बोलले नाही. बा वळणापर्यंत दिसत होता, मग दिसेनासा झाला. मी त्याच्या मागे गेले नाही.